हसण्याचे बियाणे



पेरणी आटोपली, की झडीच्या दिवसांत घरात बसावे लागते. मग कोणीतरी मोबाइलवर जुनी विनोदी मालिका लावतो. एखाद्या मालिकेला आजोबा हसतात आणि नातू नुसता बघत राहतो. दुसरीला मात्र दोघेही एकदम हसतात. असे का व्हावे? आज पीक बाजूला ठेवून याचा विचार करू.

संकरित वाण पहिल्या वर्षी भरघोस पिकतो; पण त्यातलेच दाणे पुन्हा पेरले, तर झाडे एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. सोयाबीन, हरभरा यांच्या सरळ वाणाचे बी मात्र निवडून ठेवले, तर दोन-तीन वर्षे घरचेच चालते. विनोदाचेही तसेच आहे.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्याच दशकाच्या अखेरीस त्यावर ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र काळे-पांढरे, सामान बेताचे. मूळ कथा चिं. वि. जोशी यांच्या. हे गृहस्थ बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. पण पुस्तकाचे नाव आपल्या शिवारातले, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’! एरंडातून रस निघायचा नाही. या कथांतला रस मात्र अजून आटलेला नाही. कारण कथा सांगणारा चिमणराव स्वतःचीच फजिती सांगतो. तो दुसऱ्याला हसत नाही. घाबरट चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ ही जोडी आजही प्रत्येक भावकीत सापडेल.

प्रभावळकरच पुढे २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आजोबा झाले. त्यातही आजोबांपासून नातवापर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या खोडीवर हसू येते. पण कोणी कोणाला हलके लेखत नाही.

याउलट किती मालिकांत गावाकडचा माणूस आला, की तो बावळटच! त्याची बोली, त्याचे धोतर, एखाद्याचे तोतरेपण, सुनेचा काळा रंग, एवढ्यावरच हशा. हे संकरित पीक. एकदाच निघते, मागे काही उरत नाही.

मागे काही उरत नाही असे म्हटले खरे, पण तण उरते. एका गावात बोंडअळीवर चर्चासत्र होते. एक कास्तकार शंका विचारायला उठले. त्यांच्याच मुलाने मालिकेतल्या गावंढळ माणसासारखी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. ते खाली बसले. शंका राहिलीच. नंतर बांधावर एकटे गाठून त्यांनी मला विचारले, “कामगंध सापळे एकरी किती लावू, साहेब?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. चारचौघांत विचारला असता, तर साऱ्या गावाला उपयोग झाला असता.

म्हणून एक सोपी चाचणी सांगतो. पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण बघतो. सोयाबीनचे सत्तर उगवले, तर बी पेरण्यायोग्य. विनोदाचीही उगवणशक्ती अशीच तपासा. ज्याच्यावर विनोद आहे, तो माणूस शेजारी बसलेला असताना मालिका लावा. तोही हसला, तर ते बियाणे जपून ठेवा, नातवंडांनाही पुरेल. त्याने मान खाली घातली, तर बंद करा.