भातुकलीतला पाचवा कप

समजा, नोएडातल्या एखाद्या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. नोकरीसाठी पुणे सोडून तिकडे गेलेले. पाच वर्षांची मुलगी दुपारी भातुकली मांडून बसते. आई, बाबा, आजी आणि स्वतःसाठी असे चार कप ओळीने लावते. मग काहीतरी आठवल्यासारखे करून उठते, एक टवका उडालेली वाटी आणते आणि ती दाराजवळ, जमिनीवर ठेवते. ‘‘ही दीदीची.’’ दीदी म्हणजे धुणीभांडी करायला येणारी बाई.

हे तिला कोणी शिकवले? घरात कोणालाही विचारले तर उत्तर एकच येईल, ‘‘आम्ही नाही बाई!’’ आणि ते खोटेही नसेल. दीदीला कोणी कधी वाईट बोललेले नाही. दिवाळीला साडी दिली जाते, तिच्या मुलाच्या फीसाठी उचलही दिली जाते. पण तिचा स्टीलचा पेला ओट्याच्या खाली वेगळा असतो. तिने सामानाच्या लिफ्टनेच यावे-जावे, असा वसाहतीचा नियम असतो. जाताना फाटकावर तिची पिशवी उघडून पाहिली जाते, शेजारच्या काकूंची नाही. मूल हे सगळे रोज पाहते. मोठ्यांना जी सोय वाटते, ती त्याला जगाची रीत वाटते. उपदेश ते विसरेल, पण पेल्याची जागा विसरणार नाही.

याच नोएडात, यमुनेच्या काठी २०११ साली राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भव्य पुतळा तिथे आहे. सुटीच्या दिवशी लोक मुलांना घेऊन जातात, फोटो काढतात. त्या मुलांना पुतळ्यासमोर उभे करून बाबासाहेबांच्या लहानपणीची एक हकिकत जरूर सांगावी.

१९०१ सालची गोष्ट. दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणीच आलेले नव्हते. चांगले कपडे घातलेली ती मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली, ‘महार’, आणि मास्तरांचा चेहरा बदलला. ते तडक आपल्या खोलीत निघून गेले. मुले तीच होती, कपडेही तेच होते, मधे फक्त एक शब्द आला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायची तयारी असूनही त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला. अट ही की गाडी मुलांनी हाकावी, तो बाजूने पायी चालेल! भाडे दुप्पट घेतलेच. मुलांजवळ भाकरतुकडा होता, पण वाटेत पाणी मिळाले नाही आणि ती रात्र त्यांनी उपाशीच काढली.

त्या गाडीवाल्याला मुलांचा राग नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. तो दुष्टही नसेल. त्याच्या बापाने जसे केले, तसे त्याने केले.

मग हे शिकलेले पुसायचे कसे? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी व्याख्यानापेक्षा चहा उपयोगी ठरवला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांना त्यांनी चहाचे दुकान काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी दुकानापुढे उभी करून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. प्रत्यक्ष राजा पीत असताना ‘मला नको’ कोण म्हणणार?

राजाचा धाक नसेल तेव्हा काय होते, हे नोएडाच्या शेजारी दिल्लीत दिसले. सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या तिथल्या खासगी शाळांना २००७ सालापासून गरीब मुलांसाठी काही जागा ठेवणे भाग पडले. ‘आमच्या मुलांचे काय होणार?’ अशी पालकांना धास्ती. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी श्रीमंत घरांतल्या मुलांची पारख केली आणि तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रिलेच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता : पळण्यात तरबेज गरीब मुलगा, की त्याच्यापेक्षा हळू पळणारा श्रीमंत मुलगा? बक्षीस मोठे असले की बहुतेकांना पळणाराच हवा असे. बक्षीस लहान झाले की बरीच मुले हरण्याची जोखीम पत्करून आपल्यातलाच निवडत. पण ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांच्यात हा भेद बराच कमी आढळला. ती मुले अधिक उदारही होती. इंग्रजीचे गुण थोडे घसरले, एकूण अभ्यासात मात्र फरक पडला नाही. काही शाळांत नावाच्या अक्षरानुसार अभ्यासाचे गट पाडले जात. ज्यांच्या गटात गरीब मूल आले, त्यांच्यात बदल अधिक दिसला. म्हणजे एका शाळेत नाव असणे निराळे आणि एका वहीवर डोकी टेकवून गणित सोडवणे निराळे.

आता पुन्हा चौदाव्या मजल्यावर. त्या वाटीने आई अस्वस्थ झाली आहे, असे धरू. दुसऱ्या दिवशी ती घरातल्याच कपात चहा ओतते आणि दीदीला टेबलाशी बोलावते. आजी काही बोलत नाहीत, उठून देवघरात जातात. मुलगी टक लावून पाहते. आणि दीदी? ती ओशाळते. ‘‘नको भाभी, मी इथेच बरी,’’ म्हणत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकते. तीही लहानपणापासून तेच शिकत आली आहे. शिवाय तिला आणखी तीन घरी जायचे असते. दहाव्या मजल्यावर तिचा पेला अजून ओट्याखालीच आहे. इथली गोष्ट तिथल्या मॅडमच्या कानावर गेली आणि दीदी डोक्यावर बसायला लागली असे त्यांना वाटले, तर ते काम जाईल. आई कप तिच्या हाती देते आणि खुर्ची सोडून स्वतःही तिच्याजवळ खाली बसते.