खारेपाटासाठी एकोणीस वर्षे: लोणेरे येथील विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सर्व सदस्य,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ,
लोणेरे, ता. माणगाव, जि. रायगड.

विषय: रायगडच्या खारजमिनींवर चार विद्याशाखांचे संयुक्त व दीर्घकालीन संशोधन हाती घेण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

धरमतरच्या खाडीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगडच्या किनाऱ्यालगत भातशेतीची जी सखल पट्टी मातीच्या बांधांनी भरतीपासून राखलेली आहे, आणि जिला अलिबाग-पेण भागात खारेपाट म्हणतात, तिच्या भवितव्याचा प्रश्न या पत्राद्वारे विद्यापीठापुढे ठेवला जात आहे. बांध फुटला की तो बांधकामाचा प्रश्न मानला जातो, भात करपले की वाणाचा आणि पाणी तुंबले की पावसाचा. परंतु जमीन प्रत्यक्षात नापीक होते ती या सर्व गोष्टी एकमेकींत गुंतल्यामुळे. म्हणून विद्यापीठाने रायगडमधील एक खारबंदिस्ती निवडून तिच्यावर सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि स्थापत्य अभियांत्रिकी यांचे एकत्रित संशोधन एकाच आराखड्याने आणि किमान एकोणीस वर्षे चालवावे, अशी ही मागणी आहे. एकोणीस हा आकडा कोठून आला, याचे स्पष्टीकरण पुढे येईल.

खारबंदिस्ती म्हणजे खाडीच्या बाजूचा मातीचा बांध आणि त्यात बसवलेली उघाडी. उघाडी ही एका दिशेने उघडणारी झडप असून ओहोटीच्या वेळी ती आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. पावसाळ्यात वरच्या थरातले मीठ धुऊन जाते आणि तेवढ्या अवधीत भाताचे एक पीक निघते; पाऊस संपला की जमिनीखालचे खारे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक रंध्रांतून, वर चढते आणि मीठ पुन्हा पृष्ठभागावर येते. खेकड्यांची बिळे आणि लाटांची झीज यांनी बांधाला पडणाऱ्या खांडी पूर्वी गावकरी जोळ पद्धतीने, म्हणजे सामूहिक श्रमाने, बुजवीत असत. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली. मात्र खांड केव्हा आणि कोठे पडेल याचे पूर्वानुमान करणारे शास्त्र त्यासोबत उभे राहिले असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाची जीवशास्त्रीय बाजू पुष्कळ अभ्यासली गेली आहे. मातीतील क्षारतेचे माप मृदाद्रावणाच्या विद्युतवाहकतेवरून घेतात; हे माप ३ डेसिसीमन प्रति मीटरच्या वर गेले की भाताचे उत्पादन घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककामागे ते साधारण १२ टक्क्यांनी कमी होते, असा कृषिशास्त्रातील प्रस्थापित अंदाज आहे. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका खांडीतून आत शिरणाऱ्या पाण्याचे सामर्थ्य समजते. भाताचे रोप लहानपणी आणि फुलोऱ्यात सर्वांत नाजूक असते, मधल्या काळात तुलनेने काटक. ‘भुरा राता’सारखे जुने वाण आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेले ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ हे वाण याच ताणासाठी निवडलेले आहेत. केरळच्या ‘पोक्कली’ भातातील, पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘साल्टोल’ नावाच्या भागावर जगभर संशोधन झाले आहे. त्या भागाशी निगडित जनुक मुळांतून पानांकडे जाणारे सोडियम अडवते आणि पेशीतील सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण सांभाळते.

तथापि सोडियम अडवणे हा बचावाचा एकच मार्ग आहे. दुसरा मार्ग सेंद्रिय रसायनशास्त्राच्या कक्षेत येतो. बाहेरचे पाणी खारे झाले की परासरणामुळे पेशीतील पाणी बाहेर खेचले जाते, आणि ते रोखण्यासाठी अनेक वनस्पती पेशीत निरुपद्रवी सेंद्रिय रेणू साठवतात. प्रोलीन हे अमिनो आम्ल आणि ग्लायसीन बीटेन हे त्यांपैकी दोन प्रमुख रेणू होत. बांधाच्या बाहेर, खाडीच्या चिखलात उभे असलेले तिवर ग्लायसीन बीटेन मोठ्या प्रमाणात साठवते, तर बांधाच्या आतले भात ते साठवू शकत नाही. याहून लक्षणीय बाब सुवासिक भाताची आहे. त्याचा दरवळ २-ॲसिटिल-१-पायरोलीन या रेणूचा असून, बीटेन तयार करणाऱ्या विकरांच्या कुळातील एक विकर निकामी झाल्यामुळे तो रेणू दाण्यात साठतो. क्षारयुक्त पाण्यात वाढवलेल्या सुवासिक भाताचे उत्पादन अधिक घटते, असेही प्रयोगांत दिसले आहे. चांगल्या भावाच्या आशेने खारेपाटात सुवासिक वाण लावावा की नाही, या शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने रेणूच्या रचनेपर्यंत जाऊन पोहोचते. एके काळी नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन बनवणारा, आता बंद झालेला रसायनीचा हिंदुस्तान ऑर्गेनिक केमिकल्स हा कारखाना, तसेच रोहे व महाड येथील औद्योगिक वसाहती यांमुळे सेंद्रिय रसायनशास्त्राची रायगडमधील ओळख कारखानदारीपुरती झाली आहे. त्या शास्त्राला शेताच्या बांधावरही काम आहे.

गणिताचे काम उधाणापासून सुरू होते. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तनकाल १२.४२ तास आणि सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचा १२ तास असतो. या दोन लहरी सुमारे १४.७७ दिवसांनी एकमेकींशी जुळतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि त्यांच्या आधारे बंदराची भरती वर्षभर आधी वर्तवता येते. परंतु खाडीच्या आत, वळणे आणि गाळ यांतून पाणी किती उंच चढते, हे बंदराच्या कोष्टकावरून थेट कळत नाही. शिवाय बांध फुटतो तो निव्वळ भरतीने नव्हे, तर भरती, वारा आणि पाऊस एकाच वेळी आल्याने. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. अशा संयोगांची संभाव्यता काढणे हा गणिताच्या विभागाचा विषय आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या जलपातळीसाठी बांध रचला, तर ती पातळी पुढील पंचवीस वर्षांत निदान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता ६४ टक्के असते, ही गोष्ट तो बांध मंजूर करणाऱ्याला आणि त्याच्या आड राहणाऱ्याला सारखीच ठाऊक असायला हवी.

एकोणीस वर्षांचे कारण येथेच आहे. चंद्राची कक्षा आणि क्रांतिवृत्त ज्या बिंदूंत छेदतात ते पात, म्हणजे पंचांगातील राहू-केतू, १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात आणि त्या चक्रात मुख्य चांद्र भरतीची उंची सुमारे पावणेचार टक्क्यांनी कमी-अधिक होते. मुंबईजवळ हा फरक चार-पाच सेंटिमीटरचा भरतो. जगाची सरासरी समुद्रपातळी सध्या वर्षाला तीन ते चार मिलिमीटरने वाढत आहे, म्हणजे एका दशकात तीन ते चार सेंटिमीटर. त्यामुळे तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पातून दिसलेली वाढ समुद्राची की चंद्राची, हे सांगणे अवघड होते. दिवसातून एकदा येणाऱ्या भरतीच्या घटकांवर याच चक्राचा परिणाम उलट दिशेने होतो. म्हणून एखाद्या खाडीतील एकूण फरक केवळ सूत्राने न ठरवता तो तेथेच, पूर्ण चक्रभर मोजावा लागतो.

अभियांत्रिकीपुढील आव्हान बांधाची उंची वाढवण्यापुरते नाही. उंच बांध मऊ चिकणमातीत खचतो, आणि ओहोटीच्या मोजक्या तासांत उघाडीतून बाहेर पडू न शकलेले पावसाचे पाणी आतूनच पीक बुडवते. त्यातच बांधाबाहेरची कांदळवने लाटांचा जोर कमी करून बांधाचे रक्षण करतात, तर खांड वेळेत न बुजल्यास आतल्या शेतात तीच कांदळवने रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने कांदळवनांना भक्कम संरक्षण मिळाले आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे दुरुस्तीला झालेला विलंब शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन कायमची गमावण्याइतका महाग ठरू शकतो. खांड पडल्यापासून तिवराची रोपे स्थिरावेपर्यंत किती काळ मिळतो, हे जीवशास्त्रज्ञाने सांगावे आणि तेवढ्या काळात होऊ शकेल अशी दुरुस्ती अभियंत्याने रचावी.

शेती हा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा विषय आहे, तंत्रशास्त्र विद्यापीठाचा नाही, अशी हरकत यावर घेतली जाईल. वाणनिर्मितीपुरती ती रास्त आहे. परंतु उघाडीची झडप, जलपातळीचा संवेदक, भरतीचे गणित आणि रेणूंचे पृथक्करण हे विषय लोणेरे येथील विभागांचे आहेत, आणि कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील केंद्राशी करार करून दोन्ही ज्ञानपरंपरा जोडता येतात. दीर्घ नोंदीचा आदर्शही याच जिल्ह्यात आहे. विजेवरील ट्राममुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय मापनात बाधा येणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा उभारली गेली, आणि जुनी व नवी मालिका जुळावी म्हणून दोन्ही ठिकाणी दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. एका माणसाच्या कारकिर्दीपलीकडे जाणारे काम संस्था कसे टिकवते, याचे हे उदाहरण आहे.

यास अनुसरून विद्यापरिषदेने तीन निर्णय घ्यावेत. पहिला, खारभूमी विभाग आणि गावकरी यांच्या संमतीने एक खारबंदिस्ती निवडून तेथे खाडीची पातळी, आतली पातळी, दोन खोलींवरील मातीची क्षारता आणि पिकाचे उत्पादन यांची अखंड नोंद सुरू करावी. दुसरा, या बंदिस्तीवरील पीएच.डी. संशोधनाला दोन भिन्न शाखांचे दोन मार्गदर्शक अनिवार्य करावेत. तिसरा, सर्व नोंदी खुल्या ठेवाव्यात आणि त्यांचा वार्षिक अहवाल मराठीत काढून संबंधित गावाच्या ग्रामसभेत मांडावा.

तिसऱ्या मागणीला या विद्यापीठाच्या बाबतीत विशेष आधार आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातील कुळांनी १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या कुळांची बाजू घेऊन १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जमिनीवरचा हक्क त्या संघर्षाच्या परंपरेतून मिळाला. ती जमीन कसण्याजोगी राखण्याचे ज्ञान आता कसणाऱ्याच्या हाती जायला हवे. विद्यापीठाची स्थापना १९८९ ची, म्हणजे चंद्रपाताचे एक पूर्ण चक्र त्याने आधीच पाहिले आहे. पुढच्या चक्राच्या नोंदी त्याच्या दप्तरी असाव्यात, यासाठी विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत या विषयाला स्थान मिळावे, ही विनंती.

कळावे,
रायगड किनाऱ्यावरील खारजमिनींचा एक अभ्यासक