तेवीस गाड्या

संपादक मंडळातली दोन मुलं परवा वर्कशॉपमध्ये आली. म्हणाली, "सर, मराठी विभागासाठी काहीतरी लिहा ना. तुमच्या त्या जुन्या गाडीवर लिहा." मी म्हटलं, बाबांनो, मी लेथ आणि ग्राइंडर शिकवणारा माणूस, मला कुठलं लिहिता येतंय! पण मुलं हटली नाहीत. शिवाय एक गोष्ट बरेच दिवस मनात ठसठसते आहे. ती वर्कशॉपमध्ये बोलायचा धीर झाला नाही, म्हणून म्हटलं कागदावर तरी उतरवावी.

माझं गाव घोटी. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, इगतपुरीच्या अलीकडचं. भाताच्या गिरण्यांचं गाव. आमच्याकडे पाऊस असा पडतो की जूनमध्ये घातलेला रेनकोट गणपतीपर्यंत वाळत नाही. मी गेली तीस वर्षं घोटी ते नाशिक मोटारसायकलवर येतो-जातो. एसटी आहे, रेल्वे आहे, शेजाऱ्यांच्या चारचाकीत जागा आहे. पण गाडीवर बसल्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटत नाही. आता सत्तावन्न पूर्ण झाली, गुडघे कुरकुरतात, बायको तर रोजच कुरकुरते, पण सवय सुटत नाही.

पहिली गाडी 1989 साली घेतली. सेकंड हँड येझदी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाहिली आहे आणि "सर, ही चालू होते का?" असं विचारलंही आहे. होते! म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत 1961 पासून जावा बनायची, 1973 पासून येझदी नावाने बनू लागली आणि 1996 साली ते सगळंच बंद झालं. हिची गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. मागे वळवून किक मारायची, पुढे आणून त्यानेच गिअर टाकायचे. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. मेकॅनिकलच्या मुलांनी एकदा येऊन नुसतं कव्हर उघडून बघावं, एक पूर्ण प्रॅक्टिकल होईल.

पण हिचा खरा गुण वेगळाच होता. ही बंद पडायची.

टू स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. माप थोडं जास्त झालं की प्लग काळा पडला. पावसात पॉइंटमध्ये पाणी गेलं की करंट गायब. सायलेन्सरमध्ये कार्बन साठला की गाडी चढाला दम टाकायची. क्लच वायर तर अशी तुटायची जणू तिला पगार मिळतो त्याचा. त्यामुळे प्लग पाना, एक जास्तीचा प्लग, पॉलिश पेपर आणि वायर घेतल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून वाकलेला माणूस दिसला की मागून येणारा हमखास थांबायचा. चांगुलपणा वगैरे नंतरची गोष्ट. आज हा, उद्या मी, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

एक प्रसंग सांगतो. 1991 चा श्रावण असेल. घोटीहून भंडारदऱ्याला निघालो होतो. बारीच्या अलीकडे, जिथे कळसूबाई ढगात पूर्ण गडप झालेली असते, तिथे गाडी फट्‌ फट्‌ करून थांबली. किका मारून मारून पोटरी भरून आली. जास्तीचा प्लग होता, तोही खराब निघाला. तेवढ्यात समोरून दुधाच्या किटल्या लावलेली राजदूत आली. गाडीवाला न विचारताच थांबला. "काय झालं भाऊ? करंट नाही का?" असं म्हणत खाली बसला. पॉइंट उघडले, पॉलिश पेपरने घासले. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते. फीलर गेज कुठून आणणार? त्याने खिशातून दाढीची ब्लेडं काढली, चार एकावर एक ठेवून फटीत घातली आणि स्क्रू आवळला. एक ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटरचं, चार म्हणजे 0.4! मी डिप्लोमा केलेला माणूस, बघतच राहिलो. मग स्वतःच्या डब्यातला प्लग लावून दिला. दुसऱ्या किकेला गाडी चालू!

मी पैसे काढले. तो म्हणाला, "पैसे कशाचे? प्लग परत द्या. रोज सकाळी सहाला घोटीत दूध घालायला असतो मी." दुसऱ्या दिवशी सहाला प्लग परत द्यायला गेलो. त्याने चहा पाजला. ती ओळख आज चौतीस वर्षं टिकून आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात मी होतो, माझ्या वडिलांच्या दहाव्याला तो होता. आणि हे सगळं एका काळ्या पडलेल्या प्लगमुळे.

घोटी, इगतपुरी, नाशिक रोड, सिन्नर, सगळीकडे माझी अशी माणसं झाली. कोणी पेट्रोल दिलं, कोणी वायर दिली, कोणाला मी दोरी बांधून घाटनदेवीपासून घोटीपर्यंत ओढत आणलं. आमचा काही क्लब नव्हता, जर्सी नव्हती की सभासद फी नव्हती. रस्त्यावर जो थांबतो तो आपला, एवढाच नियम.

आता तुम्ही म्हणाल, सर जुन्या काळाचे गोडवे गायला लागले. तसं नाही मित्रांनो. जुन्या गाड्या वाईट होत्या हे मी स्वतः सांगतो. टू स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर सरळ बाहेर जायचं. मायलेज रडत होतं. ड्रम ब्रेक पावसात भिजले की देवाचं नाव घ्यायचं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याने किती जीव वाचले असतील! एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. मी पण अशी एक गाडी घेतली आहे. सकाळी बटण दाबलं की चालू. चार वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. येझदी आता फक्त रविवारी. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात, तेव्हा तिला न्हाऊमाखू घालून मी पण जातो. तिथे तरुण मुलं असतात, माझ्यापेक्षा जास्त माहिती असते त्यांना. बरं वाटतं.

तेव्हा प्रश्न गाडीचा नाही. गाडी बंद पडायची थांबली, त्याबरोबर माणसं पण थांबायची बंद झाली की काय, असा माझा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही, स्वतःला विचारतो आहे. का, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भंडारदरा रस्त्याने घोटीला परत येत होतो. संध्याकाळचे साडेसहा-सात, पाऊस मुसळधार, काच पुसून पुसून हात दुखलेला. एका वळणावर डाव्या बाजूला एक मोटारसायकल आडवी दिसली. इंडिकेटर लुकलुकत होता. एक मुलगा बसलेला, दुसरा उभा राहून हात करत होता. मी वेग कमी केला. मनात म्हटलं, उभा आहे म्हणजे फार लागलेलं नसेल. मागून कोणीतरी येतंच आहे. घरी वाट बघत असतील. अंधार पडतोय, आजकाल कोणाचा काय भरवसा... आणि वेग परत वाढवला. घरी जाऊन चहा प्यालो, भजी खाल्ली. खरं सांगायचं तर विसरूनही गेलो.

पंधरा दिवसांनी वर्कशॉपमध्ये एक मुलगा गळ्यात पट्टी बांधून आला. आपल्याच हॉस्टेलचा. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, म्हणून जॉब पूर्ण करायला मुदत मागायला आला होता. सहज विचारलं, कुठे पडलास रे? त्याने जागा सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली. म्हणाला, "सर, दुखत होतं म्हणून मन दुसरीकडे लावायला मी येणाऱ्या मोटारसायकली मोजत होतो. तेवीस गेल्या. मग एक भाजीचा टेम्पोवाला थांबला, त्याने घोटीला आणलं."

तेवीस. त्यातली एक माझी होती.

नवी गाडी, हेल्मेट, रेनकोट. त्याने मला ओळखणं शक्यच नव्हतं. मी त्याला मुदत दिली, आणखी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. ज्या माणसाने सहा राज्यांतले रस्ते पालथे घातले, ज्याला अनोळखी माणसांनी निदान पन्नास वेळा रस्त्यावरून उठवून घरी पोचवलं, तो एका पोरासाठी पाच मिनिटं थांबला नाही. येझदीवर असतो तर थांबलो असतो का? मला वाटतं, हो. कारण तेव्हा आपल्यालाही कोणाची तरी गरज लागणार आहे ही जाणीव बुडाखाली थरथरत असायची! बटणावर चालू होणाऱ्या गाडीने ती जाणीवच काढून घेतली. पण हे कारण झालं, सबब नाही. गाडीला दोष देऊन मी सुटत नाही.

आकडे बघा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात 74,897 दुचाकीवरची. म्हणजे रोज दोनशेच्या वर. हेल्मेट घाला, ट्रिपल सीट जाऊ नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण पडल्यानंतरच्या पहिल्या तासात कोण थांबतं यावर पुष्कळ काही अवलंबून असतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

"सर, थांबलो तर पोलिसांची भानगड मागे लागते," असं मुलं म्हणतात. पूर्वी ही भीती खरी होती. आता नाही. मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. उलट गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला 'राहवीर' योजनेत 25,000 रुपये द्यायचं 2025 साली ठरलं आहे. पैशासाठी थांबा असं मी म्हणणार नाही, पण भीती तरी काढून टाका.

आणि थांबायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. आपली गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावा, इंडिकेटर चालू ठेवा, मागून येणाऱ्यांना हात करा. 108 ला फोन लावा, नाहीतर 112 ला. मानेला मार लागल्याची शंका असेल तर जखमीला उगाच हलवू नका. श्वास अडत नसेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजायची घाई करू नका. शेजारी बसा. बोलत राहा. बस, एवढंच. त्या मुलाला त्या संध्याकाळी कोणी नुसतं शेजारी बसलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या घोटीजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईजवळपर्यंत 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, ठीक आहे. त्या वेगात कोणाला कोण दिसणार? आपल्यासाठी जुना रस्ता आहे, कसारा घाट आहे, वैतरणेकडचा आहे, भंडारदऱ्याचा आहे. या रस्त्यांवर माणूस दिसतो. दिसला तर थांबताही येतं.

खरं म्हणजे तुम्हा हॉस्टेलच्या मुलांना मी काय सांगणार? रात्री दोन वाजता कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर अख्खा मजला उठतो, ज्याच्याशी चार महिने बोलणं नाही तोही गाडीची किल्ली घेऊन उभा राहतो. हे मी बघितलं आहे. तीच मुलं मे-जूनमध्ये काजवे बघायला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला वीस-वीस गाड्यांनी भंडारदऱ्याला जातात. मोबाईलवर ग्रुप होतो, सारखे टी-शर्ट होतात, फोटो होतात. जरूर जा. फक्त जाताना आपल्या मजल्याचा नियम गेटवर ठेवून जाऊ नका. रस्ता पण एक लांबलचक मजलाच आहे.

त्या मुलाला हा अंक मिळेल, तो वाचेल. बाळा, त्या दिवशीच्या तेविसांत मी होतो. माफ कर. मुदत संपली आहे, पण जॉब सावकाश दे. आणि हात पूर्ण बरा झाला की एका रविवारी ये. येझदीची किक कशी मारायची ते शिकवतो. पॉइंटची फट कशी लावायची ते पण शिकवतो.

येताना चार ब्लेडं घेऊन ये.