परतीच्या वाटेवरची बाकी

पाडवा जवळ आला, की बीड जिल्ह्याकडे येणारे रस्ते वाहू लागतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीपासून ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरून टायरच्या बैलगाड्या निघतात. ट्रकच्या हौद्यात भांडीकुंडी, कोपीचे बांबू, एखादी शेळी, डालीखाली कोंबड्या आणि या पसाऱ्यावर बसलेले अख्खे कुटुंब. दसरा-दिवाळीला घर सोडून गेलेला संसार असा एका खेपेत परत येतो. बीडला रेल्वे यावी म्हणून पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून गाडी एकदाची बीडला आली. पण बैल, गाडी आणि कोपी घेऊन येणाऱ्याचा रस्ता काही सुटलेला नाही.

आपण चार दिवसांची सहल करून आलो, की चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणतो, 'शेवटी आपलं घर ते आपलं घर.' धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वस्त्यांवर मात्र परतलेल्याला शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो वेगळाच असतो : 'फिटली का?'

फिटली म्हणजे उचल. हंगामाआधी मुकादमाने दिलेली ही आगाऊ रक्कम नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्या माणसाचा हिशेब 'अर्धा कोयता'. जानेवारी 2024 च्या समझोत्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 273 रुपयांचे सुमारे 366 रुपये झाले. वाढ चांगलीच, पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक लाख रुपये उचल धरली, तर ती फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडला, तर 136 दिवस झाले, म्हणजे साडेचार महिने. त्यात आजारपण नाही, बाळंतपण नाही, कारखाना बंद नाही आणि एकही खाडा नाही, असे धरलेले आहे.

हंगाम किती दिवसांचा, हे कामगाराच्या हातात नसते. 2021-22 मध्ये राज्यात 137 लाख टनांच्या आसपास साखर झाली आणि गाळप जूनपर्यंत लांबले. मृगाची पेरणी तोंडावर आली तरी टोळ्या परक्या फडातच होत्या, आणि गंमत अशी, की त्या वर्षी खुद्द बीड जिल्ह्यातही तोडणीअभावी ऊस उभा होता. उलट 2024-25 मध्ये साखर 80 लाख टनांच्या घरात आली आणि बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चपर्यंत थंडावली. समजा शंभर दिवसच काम मिळाले, तर वरच्या हिशेबाने 73 हजार फिटतात आणि 27 हजार अंगावर राहतात. लांबला तर शेत जाते, आटोपला तर बाकी राहते. ही बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवली जाते. म्हणजे माणूस घरी पोचण्याआधीच त्याचे पुढचे जाणे अर्धेमुर्धे ठरलेले असते.

ऊसतोड कामगारांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते फडातल्या हालांविषयी. पहाटेची थंडी, डोक्यावरची मोळी, पाचटाशेजारी झोपवलेले तान्हे मूल, हे सारे खरेच आहे. पण माझ्या मते या कुटुंबांच्या आयुष्यातले मोठे निर्णय फडात होत नाहीत, ते घरी परतल्यानंतरच्या महिन्यांत होतात.

लग्नांचेच पाहा. पाडव्यापासून लग्नसराई सुरू होते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की तिला म्हाताऱ्या आजीजवळ ठेवून सहा महिने जायचे कसे, हा आईचा प्रश्न असतो. फडावर न्यावे तर कोपीला दार नसते. तिकडे मुलाच्या घरी हिशेब असा, की लग्न झाले म्हणजे अर्ध्या कोयत्याचा एक कोयता होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. या आकड्याला एकटी ऊसतोड जबाबदार नाही, पण हा हिशेब वगळून तो आकडा समजतही नाही.

दुसरा निर्णय दवाखान्यातला. सहा महिने अंगावर काढलेले दुखणे गावी परतल्यावरच डॉक्टरपुढे जाते. पुढच्या हंगामात खाडा पडू नये ही धास्ती असते. 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, विसावा नाही. आणि त्याची किंमत गावी येऊन, तीही पुष्कळदा कर्ज काढून चुकवायची.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले, त्यासाठी उसाच्या टनामागे निधीची तरतूद झाली, संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे जाहीर झाली. आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना त्याआधीपासून आहे. पण आपली यंत्रणा बॉयलर पेटला की जागी होते आणि धुराडे थंड झाले की झोपते.

परतीची दखल घेणे अशक्य आहे, असेही नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत सुमारे 1 लाख 31 हजार कामगार 38 कारखान्यांवर अडकले. कोण कुठल्या गावचा, बरोबर किती माणसे, तब्येत कशी, हे तेव्हा नोंदवावे लागले आणि 17 तारखेच्या आदेशाने परतीची वाट मोकळी झाली. तशी यादी दरवर्षी का होऊ नये? ती ग्रामपंचायतीत असली, तर उन्हाळ्यातच आरोग्य तपासणी वस्तीवर नेता येईल. मार्चमध्ये परतलेले पोर कितवीत होते आणि त्याचे किती बुडाले, हे शाळेला कळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मुकादमाकडचा हिशेब लेखी स्वरूपात कामगाराच्या हाती पडेल. आज तो मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही मुकादमाच्या खिशात.

पूर्वी उचलीची बोलणी पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास व्हायची. आता पैशाची नड एप्रिल-मेमध्येच उभी राहते, लग्नाची, औषधाची, बी-बियाण्याची. आणि बँकेचा उंबरठा उंच, मुकादमाचा सखल. त्यामुळे कोपीचे बांबू ओट्याला टेकवून ठेवलेले असतात, बैलांच्या खांद्यावरचे वळ अजून मिटलेले नसतात, तोवर मुकादमाची मोटारसायकल वस्तीवर येऊन थांबते.