पंचांचा निर्णय अंतिम. बरं, मग तपासायचा कुणी?

आमच्या सातारा-सांगलीकडे कुस्तीवर बोलायला लायसन्स लागत नाही. तालमीची पायरी न चढलेला माझ्यासारखा आयटीवालासुद्धा चार गोष्टी ऐकवतो. तेव्हा मंडळी, ऐका!

2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी विभागाच्या लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूने चितपट दिली. शिवराज राक्षे म्हणाला, पाठ टेकलीच नव्हती, व्हिडिओ बघा. ते काही झालं नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत काही सेकंद उरले असताना महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून आखाडा सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन वर्षांचं निलंबन.

लाथ मारणं चूकच. त्यात पण-बिण काही नाही. पण लाथेचा निकाल लावायला जी तत्परता दिसली, ती खांद्याचा निकाल लावताना का नव्हती?

"पंचही माणूसच आहे" हे मला मान्य आहे. म्हणून तर म्हणतोय! जानेवारी 2023 मध्ये पुण्यात याच गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध बाहेरच्या टांगेचे 4 गुण मिळाले आणि राज्यभर वाद पेटला. तेव्हा गायकवाडचा फायदा झाला, दोन वर्षांनी तोच भांडत बाहेर पडला. म्हणजे दोष कुणा एका पैलवानाचा नाही, व्यवस्थेचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर युजर बदलला तरी तोच बग येतोय, तर बग युजरमध्ये नाही, राव.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुणांवर दाद मागता येते. कोपऱ्यातून मॅटवर स्पंज टाकायचा, मग व्हिडिओ बघितला जातो. दाद फेटाळली तर समोरच्याला 1 गुण. उगाच कुणी मागत नाही, कारण मागायची किंमत आहे. झकास डिझाइन! गंमत म्हणजे चितपटीवर अशी दाद मागता येत नाही. कारण काय, तर मॅट चेअरमनने ती आधीच पडताळलेली असते. म्हणजे ज्या एका निर्णयाने सगळं संपतं, त्याची सगळी भिस्त त्या क्षणीच्या डोळ्यांवर. मग निदान ते डोळे व्हिडिओसमोर तरी बसवा ना!

"कॅमेऱ्याने सगळं सुटत नाही" असंही कुणी म्हणेल. खरंय. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात, शेवटच्या दोन मिनिटांत, रॅम्सच्या खेळाडूने चेंडू यायच्या आधीच सेंट्सच्या खेळाडूला धडक दिली. सगळ्या जगाला दिसलं, पंचांनी पेनल्टी दिली नाही. सेंट्स 26-23 हरले. पुढच्या मोसमात तसले निर्णय व्हिडिओवर तपासायचा नियम आला, आणि एका वर्षात गुंडाळलाही गेला, कारण पंच स्वतःचा निर्णय बदलायला फारसे राजीच नव्हते. तंत्रज्ञान आणलं तरी चूक कबूल करायची दानत लागतेच. पण त्यांनी निदान करून तरी बघितलं.

आणि हे दुखणं आपल्याकडे जुनं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी. जपानच्या इशीशी दमवणारी लढत झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी नव्हता, असं सांगतात. ब्राँझ आलं. नियम असून दाद मागायची सोय नसेल तर तो नियम फक्त कागदावर.

2025 च्या त्या वादानंतर आमच्या सांगलीचा डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील आपल्या दोन्ही गदा परत करायला निघाला होता. 2009 मध्ये आपल्यावरही अन्याय झाला, असं त्याचं म्हणणं. ते खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. कुणीच ठरवू शकत नाही, हाच तर मुद्दा आहे! सोळा वर्षं एक माणूस तो सल घेऊन फिरतो.

या गदेवर पोरांची अख्खी आयुष्यं टांगलेली असतात. घरचे म्हशी विकून खुराक पुरवतात. तेव्हा चितपटीची शिट्टी वाजायच्या आत मॅट चेअरमनने रिप्ले बघावा, आणि तोच रिप्ले मैदानातल्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावा. एवढंच. दोन मिनिटं जास्त लागतील. जत्रेत निकाली कुस्तीसाठी आपण तासतास उन्हात बसतोच की!