तेलाचा फलक आणि फुलक्याचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या ‘एम्स’चे नाव अचानक देशभरच्या बातम्यांत झळकले. निमित्त होते समोसा आणि जिलेबीचे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये सर्व मंत्रालये व केंद्रीय संस्थांना पत्र पाठवून कार्यालयांत, उपाहारगृहांत आणि सभागृहांत तेल व साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली होती. रोजच्या खाण्यात किती तेल आणि किती साखर दडलेली असते, हे माणसाला घास घेण्याआधी कळावे, एवढाच त्यामागील उद्देश. परंतु ‘समोशावर सिगारेटसारखा इशारा’ अशा मथळ्यांनी गदारोळ उडाला आणि सरकारला खुलासा करावा लागला. कोणत्याही विशिष्ट भारतीय पदार्थाला लक्ष्य केलेले नाही, रस्त्यावरच्या विक्रेत्याने इशारा लावावा असे कोठेही म्हटलेले नाही, असे त्या खुलाशाचे सार होते. वडापाववाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला घाम फुटला होता असेही नाही म्हणा!

यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली. नमकीन व भुजिया १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, बिस्किटे आणि चॉकलेट १८ वरून ५ वर. झटपट नूडल्सही त्याच रांगेत बसल्या. बदाम-पिस्ते आणि खजूर यांवरील करही उतरला आणि पाकीटबंद पनीर करमुक्त झाले, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. सणासुदीच्या तोंडावर मध्यमवर्गाच्या खिशाला दिलासा देण्याचा हेतूही समजण्यासारखा आहे. तथापि एका हाताने भिंतीवर फलक लावायचा आणि दुसऱ्या हाताने फलकावरच्याच जिन्नसांचे पाकीट स्वस्त करायचे, या दोन धोरणांची आपसात कधी गाठभेट झाली होती काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

काळजीचे कारण खरे आहे, यात शंका नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष अतिवजनाचे आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या व्यापक अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे नेली. २३ फेब्रुवारी २०२५च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी प्रत्येक घराने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले आणि त्यानंतर या मोहिमेसाठी दहा नामवंतांची नावेही जाहीर केली. त्यांत मोहनलाल, आर. माधवन आणि श्रेया घोषाल ही मनोरंजनाच्या दुनियेतील मंडळी होती. आरोग्याचा संदेश पडद्यावरच्या चेहऱ्याने दिला तर तो लवकर पोहोचतो, हा हिशेब चुकीचा नव्हे.

आवाहन होते ते मात्र घराला, म्हणजेच स्वयंपाकघराला. तेथेच खरा गुंता आहे. नीती आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार देशात दरडोई वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल वापरले जाते. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार ते १२ किलोच्या आसपास असावयास हवे. चौघांच्या कुटुंबाला लावून पाहिले तर सरासरी महिन्याला साडेसहा किलोंहून अधिक तेल पोटात जाते. आता कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घरात विचारावे. एक लिटरच्या तीन-चार पिशव्यांत महिना निघतो, असेच उत्तर बहुधा मिळेल. मग उरलेले तेल जाते कोठे? सरासरीत श्रीमंत-गरीब, पंजाबी-कोकणी सारेच मिसळलेले असतात, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की हे सारे तेल घरच्या फोडणीत पडतच नाही. ते हॉटेलच्या कढईत, फरसाणाच्या भट्टीत, बिस्किटाच्या पिठात आणि बेकरीच्या ट्रेमध्ये पडते. शेव-फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली, तर शंभर ग्रॅममागे तीस ते चाळीस ग्रॅम स्निग्धांश छापलेला आढळतो. तीन लिटरवाल्या घराने दहा टक्के काटकसर केली तर महिन्याला ३०० मिलिलिटर तेल वाचेल. किलोभर शेव घरात आली की ते सव्याज परत येईल.

घरखर्चाच्या सर्वेक्षणातही हेच दिसते. २०२३-२४ मध्ये शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चात पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा ११ टक्क्यांवर होता, ग्रामीण भागात १० टक्क्यांच्या जवळ. अन्नावरच्या खर्चात हाच सर्वांत मोठा गट आहे. तृणधान्याचा वाटा शहरात ४ टक्क्यांच्याही खाली उतरला. त्यात शिधावाटप दुकानातील मोफत धान्याचाही हात आहे. तरीही घरची चूल एका बाजूला आणि पाकीट दुसऱ्या बाजूला, अशी ही ओढाताण आहे हे स्पष्ट दिसते.

आणि नेमक्या याच काळात पडद्यावर स्वयंपाकाला बरकत आली आहे. १९९३ मध्ये ‘झी’वर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला, तेव्हा गृहिणी वही-पेन घेऊन दूरचित्रवाणीपुढे बसत. मराठीत प्रशांत दामले यांच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने पाककृतीला गप्पांची जोड दिली. तरीही पाहणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी तो पदार्थ करून बघेल, हे त्यात गृहीत होते. आजच्या लोकप्रिय कार्यक्रमांत हे गृहीतक उरलेले नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘लाफ्टर शेफ्स’मध्ये मालिकांतील कलाकारांची स्वयंपाकघरात उडणारी तारांबळ हाच विनोदाचा विषय आहे. फराह खान आपला स्वयंपाकी दिलीप याला सोबत घेऊन नामवंतांच्या घरी जातात, ते भाग लाखो लोक आवडीने पाहतात. पाककृती तेथे निमित्तमात्र, रंगते ती दोघांची जुगलबंदी. पण या कार्यक्रमाने एक गोष्ट नकळत प्रामाणिकपणे सांगून टाकली. प्रसिद्ध घरांतला स्वयंपाक बहुधा पगारी माणूस करतो आणि त्याचेही एक नाव असते. आरोग्याच्या आवाहनांत एवढा प्रामाणिकपणा सहसा आढळत नाही.

तो आढळला एका चित्रपटात. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे पंतप्रधानांच्या त्या आवाहनाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, आरती कडव दिग्दर्शित ‘मिसेस’ ‘झी ५’वर प्रदर्शित झाला. जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या २०२१च्या मल्याळी चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. सान्या मल्होत्राने साकारलेली नायिका नृत्याची स्वप्ने घेऊन सासरी येते आणि ओट्यापाशी अडकते. सासरे मृदुभाषी, सुशिक्षित. त्यांना चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावर वाटलेली हवी. फुलका तव्यावरून थेट ताटात आला पाहिजे, म्हणजे करणारीने पंगतीला बसायचे नाही. या घरात कोणी तिच्यावर हात उगारत नाही. तिचे तासच्या तास तेवढे हळूहळू संपत जातात. चित्रपटावर मोठे वादळ उठले. पुरुषांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या एका संघटनेने त्यावर टीका केली. उलट, असंख्य स्त्रियांना त्यात आपलेच स्वयंपाकघर दिसले.

मौज अशी की, त्या सासऱ्यांच्या मागण्या आहारतज्ज्ञाच्या चष्म्यातून पाहिल्या तर बहुतेक निर्दोष ठरतील. ताजे अन्न, घरचे अन्न, कमी प्रक्रिया केलेले, पाकिटातले काही नाही. आरोग्यदायी घरगुती स्वयंपाकाची यापेक्षा वेगळी व्याख्या कोणत्या पत्रकात असते? पत्रक तेल, साखर आणि मीठ मोजते. फुलका करणारीची मिनिटे ते मोजत नाही.

ती मिनिटे सरकारनेच दुसरीकडे मोजून ठेवली आहेत. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात, आणि मुळात असे पुरुष चारांत जेमतेम एक. २०१९ मध्ये स्त्रियांचा आकडा २९९ होता. कुकर, मिक्सर, गॅस आणि घरपोच सेवेच्या युगात पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली. ‘आठवड्यातून तीनदा ज्वारी-नाचणीची भाकरी खा’ हा सल्ला ऐकायला साधा वाटतो. भाकरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळते पाणी घालून ते मळावे लागते, एकेक भाकरी हाताने थापावी लागते आणि थापणारीला ओट्यापासून हलता येत नाही. मुंबईत लोकलने परतणाऱ्या बाईला संध्याकाळी सातनंतर हे करावयाचे असते. एअर फ्रायर घेतला की प्रश्न सुटला, असे जाहिराती सांगतात. त्यात तळण्याचे तेल वाचते हे खरे, पण भाजी निवडणे, चिरणे आणि पीठ मळणे हे यंत्र करीत नाही.

दमून आलेल्या या घरात मग जे घडते ते आळसापोटी घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोबाइलवर कोणीतरी रंगवून केलेली डाळिंबी उसळ पाहत पाकिटातल्या नूडल्स खाल्ल्या जातात. बघण्यातला स्वयंपाक आणि जेवण्यातला स्वयंपाक यांची फारकत होते ती येथे.

महाराष्ट्राने या पेचावर एक जुने उत्तर शोधून ठेवले आहे, ज्याकडे धोरणकर्त्यांचे फारसे लक्ष नसते. गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरचेच जेवण, पण करणारीच्या कष्टाला दाम होता. गिरण्या गेल्या. आज मुंबई, ठाणे, पुण्यात गल्लोगल्ली दिसणारी पोळी-भाजी केंद्रे त्याच वळणाची आहेत. पाच पोळ्या, पाव किलो भाजी, सोबत आमटी. तेल सगळीकडे बेतानेच असते असे नाही, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाने ‘ताई, तर्री कमी घाला’ म्हटले तर ते ऐकले जाते. बिस्किटाच्या कारखान्याला असे सांगता येत नाही.

या केंद्रांना घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, महागडा व्यावसायिकच घ्यावा लागतो. वार्षिक उलाढाल २० लाखांवर, म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजारांवर गेली की करनोंदणी करावी लागते आणि विक्री उपाहारगृह सेवा मानली गेली तर त्यावर ५ टक्के कर लागतो. कारखान्यातून पाकीटबंद होऊन आलेली पोळी सप्टेंबर २०२५ पासून करमुक्त आहे. क्रीम बिस्किटाच्या पुड्यावर जो कर, तोच केंद्रातल्या गरम भाकरीवर.