कळलावी खणू नका, पेरा

श्रावणात घाटातून जाताना करवंदीच्या जाळीवर पिवळ्या-लाल ज्वाळा पेटल्यासारख्या दिसतात, ती कळलावी. फूल मनात भरलं की पुढचं ठरलेलं : वेल खणायची, कंद पिशवीत टाकायचा. औषधासाठी खणणारे वेगळेच. नांगरासारख्या आकारामुळे या कंदाला संस्कृतात ‘लांगली’ म्हणतात. त्याचा कोंब टोकाला असतो. खणताना टोक मोडलं की घरी वेल येत नाही आणि जंगलातलीही जाते.

बी मात्र एकेका बोंडात भरपूर असतं. दिवाळीच्या सुमारास बोंडं वाळून उकलतात, आत शेंदरी दाणे दिसतात. त्यातले चार-पाच घ्या, बाकीचे तिथेच पडू द्या. गर धुऊन दाणे वाळवा आणि पावसाच्या तोंडावर रेती मिसळलेल्या मातीत लावा. कवच टणक असल्यामुळे काही बिया महिन्याभरात उगवतात, काही फार रेंगाळतात. पहिल्या वर्षी जेमतेम दोन-चार पानं येतात आणि हिवाळ्यात तीही वाळतात. इथेच धीर सुटतो. मीही पहिली कुंडी मेलेली समजून उपडी केली, तर मातीत शेंगदाण्याएवढा पांढरा कंद! तो फक्त झोपलेला होता. पावसाळ्यापर्यंत पाणी बंद ठेवायचं, एवढंच काम. फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. कंदाची घाई होते ती याचमुळे, पण ती जंगलाच्या जिवावर.

आता दुसरी बाजू. ही वेल विषारी आहे, कंद आणि बी तर फारच. तिच्यातलं कोल्चिसिन गाऊटवर डॉक्टर अगदी मोजून देतात. त्यासाठी तमिळनाडूत तिची शेती होते आणि तिथलं ते राज्यफूलही आहे. पण श्रीलंकेत रताळं समजून कंद खाल्लेल्यांचे बळी गेले आहेत. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, माणूस ‘काहीतरी बाधलं’ म्हणून घरीच थांबतो, आणि तेवढ्या वेळात विष मूत्रपिंड, अस्थिमज्जा गाठतं. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून कंद उगाळून लावायची जुनी रीत नावात राहिली आहे, ती नावातच राहू द्यावी.

बी हाताळताना हातमोजे घाला. कुणाच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. आणि घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारं कुत्रं असेल, तर ही कुंडी सध्या नकोच.